क्रियापदाची चकती: प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि आज माझा इंग्रजीचा क्लास परत सुरू झाला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराची खालची खोली, संध्याकाळी सहा ते सात, सध्या नऊ मुलं, सहावी ते आठवीची. सगळी घरी मराठी बोलणारी, रस्त्यावर आणि शाळेत हिंदी, आणि पुस्तकं इंग्रजी. आज सगळ्यांनी टेस्टच्या वह्या आणल्या होत्या. वाचत बसले तर नऊपैकी सात वह्यांमध्ये तीच एक चूक, आय डिड नॉट फिनिश्ड, शी डिड नॉट कुक्ड, दे डिड नॉट वॉक्ड. लाल पेनाने गोल केलेला आणि बाजूला बरोबर उत्तर (डिड नॉट फिनिश) लिहिलेलं, बास. का चुकलं ते कुठेच नाही. सात वेगवेगळ्या मुलांची तीच चूक म्हणजे ती निष्काळजीपणाने होत नाहीये, त्यांच्या डोक्यात काहीतरी नियम आहे आणि तो नियम त्यांना तिथे नेतोय, असं मला ठामपणे वाटलं.

तर आजपासून हे काम हातात घेते. फक्त रेग्युलर क्रियापदं, म्हणजे भूतकाळात ई-डी लागणारी. पुठ्ठ्याची एक फिरती चकती बनवायची जी मुलं हातात धरून फिरवतील, आणि तिच्यावर काय छापायचं ते तपासायला एक्सेलची शीट. इर्रेग्युलर नंतर बघू, ती सगळी मिळून दोनशेच्या आसपास आहेत आणि पाठ होतात. बाकीची हजारो एकाच साच्यातली आहेत आणि इंग्रजीत नवीन क्रियापद आलं तरी ते याच साच्यात जातं, गूगलचं गूगल्ड झालं तसं.

११ नोव्हेंबर

ऑफिसमधून आल्यावर कागदावर बारा खण आखले. वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे चार प्रकार, साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण. मग प्रत्येक खणात वॉक हे क्रियापद टाकलं आणि हेल्पिंग व्हर्ब झाकून फक्त मुख्य शब्द मोजले. वॉकिंग सहा खणांत. वॉक्ड चार खणांत, एक साधा भूतकाळ आणि तिन्ही पूर्ण. नुसतं वॉक दोन खणांत, त्यातल्या एकात ही-शी-इट आलं की एस लागून वॉक्स. झालं! बारा काळ बारा काळ म्हणून मुलं घाबरतात आणि मुख्य शब्द आहेत फक्त चार. बाकी सगळं काम ॲम, वॉज, हॅव, हॅड, विल, बीन ही छोटी माणसं करतात. शाळेत मला हे असं मोजून कुणी दाखवलं नव्हतं.

आणि खरं बघायला गेलं तर इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर भविष्यकाळाची खूणच नसते, आधी विल उभं करावं लागतं. आपलं तसं नाही, चालेन, चालशील, चालतील, भविष्य शब्दाच्या आतच.

१४ नोव्हेंबर

आज फळ्यावर डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. धातू चाल. मुलांनीच ओरडून ओरडून भरलं, मी फक्त लिहीत होते. वर्तमानात चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चालता, चालतात. भूतकाळात चाललो, चालले, चाललास, चाललीस, चाललात, चालला, चालली, चाललं, चालल्या. भविष्याची सहा अजून. उजवीकडे वॉक, वॉक्स, वॉक्ड. सातवीतली मुलगी जरा विचार करून म्हणाली, ताई, म्हणजे वॉक्डवरून मुलगा की मुलगी कळतच नाही? नाही कळत. एक की अनेक? तेही नाही. मग सोपंच आहे की, म्हणाली. मला हेच हवं होतं. ही मुलं रोज एकवीस-बावीस रूपं न चुकता बोलतात आणि वाटतं काय, तर आपल्याला ग्रामर येत नाही.

१७ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार कारण आज बाबांनी कमाल केली.

मुलं वॉकेड, कुकेड, वॉशेड म्हणतात, ई-डी दिसलं की एड. मी गेले दोन दिवस तीन उच्चार समजावत होते, कधी ट, कधी ड, कधी इड, आणि यादी पाठ करायला दिली होती. पुस्तकात दिलेला नियम असा की शेवटचा ध्वनी अघोष असेल तर ट आणि सघोष असेल तर ड, आणि मुलांचे चेहरे कोरे. बाबा (चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं) कोपऱ्यात पेपर वाचत होते, ते म्हणाले अगं, हे तर वर्णमालेत लिहिलेलंच आहे, आण इकडे खडू. आणि क-ख-ग-घ-ङ पासून प-फ-ब-भ-म पर्यंत पाच ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळीत पहिल्या दोन अक्षरांनंतर एक उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडचे कठोर, उजवीकडचे मृदू. खाली श-ष-स कठोरांत, य-र-ल-व मृदूंत. आता सांगा, वॉक कशावर संपतो? क. कठोर. मग मागून येणारा ड पण कठोर होणार, ड ज्या ओळीत आहे त्याच ओळीतला कठोर कोण? ट! म्हणून वॉक्ट. हेल्प, हेल्प्ट. वॉश, वॉश्ट. लाफ, लाफ्ट. आणि ओपन? न मृदू, ड तसाच, ओपन्ड. क्लीन्ड, कॉल्ड, हग्ड. स्वरावर संपलं तरी ड, प्लेड. आणि शब्द आधीच ट किंवा ड वर संपत असेल तर ट वर ट कसा ऐकू येणार, म्हणून मध्ये इ घालायचा, वाँटिड, नीडिड.

वीस मिनिटांत नऊच्या नऊ मुलं बरोबर बोलायला लागली. घशावर हात ठेवून स आणि झ म्हणून बघायला सांगितलं, मृदूला घसा थरथरतो, ते तर त्यांना खेळच झाला.

मग बाबा म्हणाले ही तर व्याकरणातली संधीच आहे. विपद् अधिक काल, विपत्काल. पुढे कठोर क आला म्हणून द चा त झाला. फरक इतकाच की आपल्याकडे मागचा वर्ण पुढच्यासाठी बदलतो आणि इथे पुढचा मागच्यासाठी. मी इतकी वर्षं दोन्ही भाषा वापरते आहे पण हे दोन एका ओळीत कधी ठेवले नव्हते.

अजून एक लक्षात आलं. रोमन लिपीत तिन्हीकडे तेच ई-डी दिसतं. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलं की वॉक्ट, प्लेड, वाँटिड, तिन्ही वेगळे दिसतात. म्हणून चकतीवर स्पेलिंगच्या खाली देवनागरीत उच्चार छापायचा हे आज पक्कं. (नोंदींमध्ये मी सवयीने वॉक्डच लिहिणार, पण चकतीवर वॉक्ट.)

आणि वॉकेड म्हणणाऱ्या मुलांना मी आता रागावणार नाही, कारण जुन्या इंग्रजीत तो मधला स्वर खरंच उच्चारला जायचा, नंतर गळला. काही विशेषणांमध्ये अजून टिकून आहे, नेकिड, विकिड, आणि विद्वान या अर्थी लर्निड.

१८ नोव्हेंबर

एस ला पण तीच रेघ लागू होते! वॉक्स मध्ये स, प्लेझ मध्ये झ, वॉशिझ मध्ये इझ. इथला झ म्हणजे आपल्या माझा मधला. मराठी घरातल्या मुलांकडे तो आयता आहे, फक्त शाळेत गेली की ज करतात, प्लेज. माझा म्हणा आणि तोच झ इथे लावा, एवढं सांगितलं.

२२ नोव्हेंबर

खजूरी बाजारातून जाड पुठ्ठा, ड्रॉइंग शीट, दोन पायांच्या पितळी पिना आणल्या. येताना सराफ्यात तळलेले गराडू (कंद) खाल्ले, या थंडीतले पहिले.

२३ नोव्हेंबर

पहिली चकती फसली. बाहेरच्या गोलावर कर्ता, मधल्यावर काळ, आतल्यावर प्रकार, आणि खिडकीतून उत्तर दिसावं असा विचार होता. पण तीन गोल सुटे फिरले की आयच्या समोर हॅझ येतो. कर्ता बदलला की बदलतं कोण, तर फक्त हेल्पिंग व्हर्ब, आणि मुख्य शब्दात तो एकटा एस. म्हणून कर्त्याचे तीनच गट ठेवले, आय, ही-शी-इट, आणि वी-यू-दे. विलच्या खणांमध्ये तर कर्त्याने काहीच बदलत नाही, तिथे एकच पट्टी पुरते. रात्री अकरा वाजले कापत बसता बसता पण आता दोनच गोल आणि एक सरकती पट्टी, बरंच हलकं झालं.

२६ नोव्हेंबर

चालू काळ शिकवायला मी दोन दिवस ठेवले होते, अर्ध्या तासात झाला. कारण सांगते. आमच्या इंदूरच्या मराठीत आपण सर्रास म्हणतो ना, काय करून राहिला, मी जेवून राहिलो, पाऊस पडून राहिला. हिंदीच्या रहा है वरून आलेलं. पुण्याची मावशी आली की दर वेळी मुलांना सुधारते, करून राहिलो नाही रे, करतोय म्हण. तिचं तिच्या जागी बरोबर आहे. पण प्रमाण मराठीत ‘थांब, येतो’ किंवा ‘काय करतोस’, ‘जेवतो’ असं साध्या रूपावरच पुष्कळदा भागतं, त्यामुळे आय कुक आणि आय ॲम कुकिंग यातला फरक ऐकू यायला वेळ लागतो. आमच्या मुलांच्या बोलण्यात तो फरक आधीच बसलेला आहे. मी एवढंच म्हटलं, जिथे तुम्ही करून राहिलो म्हणाल तिथे आयएनजी. रोज स्वयंपाक करते, शी कुक्स. आता करून राहिली, शी इज कुकिंग. काल मी आले तेव्हा करून राहिली होती, शी वॉज कुकिंग. संपलं.

हे उलट्या बाजूनेही बरंच चालतं. मला पेन पाहिजे याचं कुणी पाहिजे होऊन राहिलं असं करत नाही, म्हणून आय ॲम वाँटिंग नाही, आय वाँट. नीडचं पण तसंच.

ज्या बोलीसाठी आमच्या मुलांना नातेवाइकांत गप्प बसवलं जातं ती इथे कामाला आली याचा मला मनापासून आनंद झाला, क्लास संपल्यावर लगेच आईला वर जाऊन सांगितलं.

३० नोव्हेंबर

स्पेलिंगची शीट. एकशे वीस क्रियापदं घेतली, घरातली, शाळेतली, रस्त्यावरची. इफ मध्ये इफ टाकून फॉर्म्युला. शेवटी ई असेल तर फक्त डी. व्यंजन अधिक वाय असेल तर वाय काढून आय-ई-डी, स्टडीचं स्टडीड असं, पण प्लेमध्ये वायच्या आधी स्वर आहे म्हणून वाय तसाच. व्यंजन-स्वर-व्यंजन असेल तर शेवटचं डबल, स्टॉप्डमध्ये दोन पी. बाकी सगळ्यांना सरळ ई-डी.

चालवलं तर कुक्डमध्ये दोन के आले. मी फक्त शेवटची दोन अक्षरं तपासत होते, आधी दोन स्वर आहेत हे बघितलंच नव्हतं, आता तीन तपासते. मग फिक्सला दोन एक्स लागले, तर डब्ल्यू, एक्स, वाय कधीच डबल होत नाहीत अशी अट टाकली. मग क्विझ उलटं अडकलं, तिथे झेड डबल व्हायला हवा आणि होईना, कारण शीटला यू आणि आय दोन स्वर दिसतात, खरं तर क्यूच्या मागचा यू व् सारखा बोलतो. आणि पॅनिक, पिकनिक, मिमिक यांना ई-डीच्या आधी के लावावा लागतो, नाहीतर सीचा उच्चार स होईल. ही अट टाकताना कळलं की स्पेलिंगचे हे बहुतेक नियम उच्चार सांभाळण्यासाठीच आहेत. स्टॉपचा पी डबल नाही केला तर ते स्टोप्ड वाचलं जाईल. होपचं होप्ड आणि हॉपचं हॉप्ड, फरक एका पीचा. हे मुलांना सांगायलाच हवं, कारण नुसतं डबल करा म्हटलं की ती सगळीकडे डबल करतात.

आयएनजीला वेगळी भानगड. शेवटचा ई जातो, पण अग्रीसारखे दोन ई असतील तर दोन्ही राहतात. आणि डाय, टाय, लाय यांचा आय-ई जाऊन वाय येतो.

३ डिसेंबर

दोन सिलेबलचे शब्द. व्हिझिटला शीटने दोन टी लावले, चूक. प्रिफरला दोन आर लावले, बरोबर. दोन्ही शेवटी व्यंजन-स्वर-व्यंजन. फरक आघाताचा. प्रिफर, ॲडमिट, ऑकर, यात जोर शेवटी, म्हणून डबल. व्हिझिट, ओपन, ऑफर, लिसन, यात जोर पहिल्यावर, म्हणून नाही. शीटला ऐकू येत नाही त्यामुळे इथे फॉर्म्युला चालणार नाही, वेगळा कॉलम करून जोर कुठे आहे ते हाताने भरलं. आणि मराठीत असा आघाताने शब्द बदलत नाही त्यामुळे मुलांना पण ऐकायला वेळ लागेल, टेबलावर बोटाने ठोके देऊन करतोय, टक-ठक आणि ठक-टक.

ट्रॅव्हलला ब्रिटिश पद्धतीत दोन एल, अमेरिकनमध्ये एक. पुस्तकात दोन आहेत आणि कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ मारतो, मुलं मग पुस्तक चुकलं म्हणतात. चकतीवर दोनच ठेवले.

७ डिसेंबर

पहिल्या दिवशीचा प्रश्न आज सुटला.

फळ्यावर मराठीत लिहिलं, मी होमवर्क संपवला. त्याखाली, मी होमवर्क संपवला नाही. संपवला जागच्या जागी, फक्त नाही जोडलं. हिंदीत पण तेच, खत्म किया, खत्म नहीं किया. दोन्ही भाषांमध्ये भूतकाळाची खूण नकारातही क्रियापदावरच राहते. म्हणजे मूल डोक्यात संपवला ठेवून फिनिश्ड लिहितं आणि नाही साठी डिड नॉट जोडतं. सात वह्यांतली चूक ही होती. मुलं अगदी नियमाने वागत होती, नियम आपल्या घरचा होता.

पण मग सांगायचं कसं? रात्री चकतीचे तुकडे हातात घेऊन विचार करत होते आणि वर्तमानकाळाचं वाक्य लिहिलं, तू चालतोस. तू चालत नाहीस. ते चालतात. ते चालत नाहीत. आणि एकदम दिसलं! चालतोसचा स उडी मारून नाहीवर गेला. चालतातचा त पण गेला. क्रियापद मागे उरलं नुसतं चालत. हे तर ही वॉक्स, ही डझ नॉट वॉक, अगदी तेच आहे, एस उडी मारून डूवर जातो. म्हणजे खूण एकदाच लावायची आणि नकार आला की मदतनिसावर लावायची हा नियम मराठीत वर्तमानात आहे, भूतकाळाची खूण मात्र क्रियापदावरच राहते. इंग्रजी तोच नियम भूतकाळातही चालवते. ई-डी उडी मारून डूवर गेला, डूचा डिड झाला, मागे उरलं नुसतं वॉक.

८ डिसेंबर

काल रात्रीचं आज क्लासमध्ये. आधी फक्त मराठी. स कुठे गेला ते शोधा. शोधला. मग इंग्रजी वर्तमान, एस कुठे गेला. मग भूतकाळ. आठवीतला मुलगा मी सांगायच्या आधीच म्हणाला, ई-डी डिडमध्ये गेला ना? प्रश्नातही तसंच, डिड यू वॉक, तिथे पण ई-डी पुढे निघून गेलेला.

चकतीत बदल केला. एक झडप लावली, तिच्यावर डिड नॉट लिहिलंय, आणि ती खाली पाडली की पुठ्ठा बरोबर ई-डीच्या वर येतो आणि ई-डी झाकला जातो. दोन्ही एकत्र दिसूच शकत नाहीत. शेजारच्या काकूंची नात ती झडप पंधरा-वीस वेळा उघडबंद करत बसली होती आणि दर वेळी मोठ्याने म्हणत होती, कुक्ट, डिड नॉट कुक, कुक्ट, डिड नॉट कुक.

१२ डिसेंबर

पाठ झालंय की कळलंय हे तपासायचं होतं. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना चित्रं दाखवून खोटे शब्द दिले होते आणि त्यांचा भूतकाळ विचारला होता. खोटा शब्द पाठ असणं शक्यच नाही, त्यामुळे मूल बोललं ते नियमानेच. तिथली चार ते सात वर्षांची मुलं रिकसारख्या शब्दाला बरोबर ट लावत होती, पण मॉटसारख्या, आधीच ट वर संपणाऱ्या शब्दाशी अडखळत होती. म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना पण इड शेवटी येतो.

मी मुलांना म्हटलं शब्द तुम्हीच आणा, आपल्याकडचे, आणि त्यांना इंग्रजी क्रियापद समजा. पहिला आला जीरावन. पोह्यांवर जीरावन टाकलं, ही जीरावन्ड हिज पोहा. न मृदू, ड, बरोबर. मग गप, वी गप्प्ट ऑल इव्हनिंग, प कठोर, बरोबर. चाट, शी चाटिड द प्लेट, आणि मग लगेच दुसऱ्याने, शी डिड नॉट चाट द प्लेट. सेव वरून सेव्ड केलं तर एकीने थांबवलं की तो शब्द इंग्रजीत आहे आधीच, वेगळा आण. नऊ मुलं, चोवीस शब्द, चुकले दोन, आणि दोन्ही ट-ड वर संपणारे होते.

१६ डिसेंबर

पूर्ण काळ राहिलेत आणि तिथे रूप चुकत नाही, वापर चुकतो. आय हॅव कॉल्ड हिम यस्टरडे. आपण मी त्याला कालच फोन केलाय म्हणतो, केलाय म्हणजे केला आहे, आणि काल त्यात आरामात बसतो. इंग्रजीत हॅव कॉल्डच्या शेजारी यस्टरडे बसत नाही, कधी ते सांगितलं की साधा भूतकाळ, आय कॉल्ड हिम यस्टरडे. आणि दोन वर्षांपासून तबला शिकतोय याचं आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स होतं, कारण आपलं शिकतोय वर्तमानातलंच आहे. तिथे हॅव बीन लर्निंग फॉर टू इयर्स. यासाठी चकतीच्या मागच्या बाजूला एक रेघ काढली, डावीकडे संपलेला दिवस, उजवीकडे आज, आणि काल-परवा-गेल्या वर्षी हे शब्द डावीकडे चिकटवले. याला अजून आठवडे लागतील, झडपेसारखी युक्ती इथे मला मिळालेली नाही.

२० डिसेंबर

नऊ चकत्या तयार. प्रत्येकीवर वीस क्रियापदांची पट्टी, स्पेलिंग वर, देवनागरी उच्चार खाली, मागे बाबांची वर्णमाला रेघेसकट. पिना थोड्या सैल ठेवल्यात कारण घट्ट केल्या की पुठ्ठा फाटतो. काकूंच्या नातीने विचारलं झडपेवर मराठीत पण लिहू का, म्हटलं लिही. तिने स्केचपेनने डिड नॉटच्या खाली लिहिलंय, ई-डी इथून उडाला.